कुंकवाच्या दहा कोंबड्या

गोरेगाव (जि. भंडारा)
१२ जानेवारी १९५८

प्रिय सुलूस,

कॉन्व्हेंटमध्ये लस टोचायच्या दिवशी तू कपड्यांच्या कपाटात लपलीस आणि आपल्या वेण्या सारख्याच म्हणून सिस्टरनं मलाच दोनदा टोचलं, ते आठवतं? ते दोन वण मागच्या महिन्यात आठवले. (तुझे गुडघे कसे आहेत, हे आधी विचारायला हवं होतं.)

यांच्या निवृत्तीनंतर इथं येऊन दोन वर्षं झाली, तरी मी नवखीच. शेजारच्या रुख्माच्या अकरा कोंबड्या. त्या विकून लेकीच्या बाळंतपणाला डिंक-खोबरं आणायचं तिनं ठरवलं होतं. इतक्यात गावात मानमोडी आली. कोंबड्या आ वासून घरघरतात, मान पिळवटून मरतात, बघवत नाही. मी गोंदियाहून गुरांच्या दवाखान्यातल्या चैतराम कंपाउंडरला बोलावलं. तो बर्फाच्या थर्मासमधून लस घेऊन आला. त्यानं पंखात सुई टोचायची, मी कोंबडी धरायची. सगळ्या पांढऱ्या, एकसारख्या. एखादीला माझ्यासारखं दोनदा बसू नये म्हणून टोचलेल्या प्रत्येकीच्या पाठीवर मी कुंकवाचं बोट टेकवत गेले. (केवढी हुशार वाटले मी स्वतःला!)

रुख्मा मळणीहून आली आणि मटकन बसली. "काऊन वो बाई, मातामायले वाहून टाकल्या ना माह्या कोंबड्या! आता बजारात कोन घेईन?"

इथं कुंकू लावलेली कोंबडी देवीची, हे मला कोण सांगणार? साबणानं धुवायला घेतल्या, तर म्हणाली, "आता कुंकू पुसून राहिल्या!" मीच त्या बाजारात नेल्या, तर गिऱ्हाइकं हात जोडून पुढे गेली.

पंधरा दिवसांत गल्लीतली खुराडी रिकामी झाली. या दहा ठणठणीत! आता दुसऱ्या गल्ल्यांतल्या बाया कोंबड्या काखेत घेऊन माझ्या दारात. "सुई नोको बाई, कुंकू तेवढं लावा." मी ठरवलंय, सुईवाचून कुंकू नाही.

पण रुख्माच्या लेकीचे दिवस भरत आलेत आणि रुख्मा माझा एक पैसा घेत नाही. "मातामायची वस्तू इकू कशी?"

तुझी,
इंदू

ता. क. न कापता पाळणारं कुणी असेल तर द्यायला ती तयार आहे, पैसे नकोत, लेकीसाठी डिंक-खोबरं चालेल. तुझं अंगण मोठं आहे. (हो, पत्र त्यासाठीच.)

ता. क. दुसरा. चैतराम रविवारी टोपल्या घेऊन येईल. सहा कोंबड्या तुला, चार तुझ्या नणंदेला. परतताना त्याच्याबरोबर डिंक, खोबरं आणि तुझं एक जुनं मऊ लुगडं रुख्माच्या लेकीला. त्याच्याकडच्या लशीच्या कुप्या बर्फात घालून मला. अकरावी बिनकुंकवाची, टोचायच्या वेळी पालथ्या डालीखाली लपून बसली होती, नशिबानंच वाचली. ती खास तुला. चैतरामकडून तिला टोचून घे. या वेळी कपाटाला कुलूप लाव.