पोशीरच्या अंगणातला चेंडू

पोशीर, ८ जानेवारी २०२५

ती. हरेशमामास समिधाचा सा. न. वि. वि.

हाती लिहिलेल्या पत्राशिवाय तू कुणाला उत्तर देत नाहीस, म्हणून वहीचं पान फाडलं.

तुमच्या खालापूरचे योगेंद्र मला पाहून गेले त्याला तीन आठवडे झाले. होकार नाही, नकार नाही. मुलीकडच्यांनी आधी विचारायचं नसतं, म्हणून बाबा गप्प. काल योगेंद्रांचा मला मेसेज आला, एकच वाक्य : द बॉल इज इन युअर कोर्ट. मी शहाणीने तो घरात वाचून दाखवला. बाबा म्हणतात, पूर्वी नकार द्यायचा तर पत्रिका जुळत नाही म्हणायचे, आता इंग्रजीत कळवतात. होकार असता तर मराठीत आला असता. धोंडूआत्याने निकालच दिला, की पोरानं गोड बोलून नाय म्हटलंय गं. १९ तारखेच्या रविवारी नेरळचं दुसरं स्थळ येतंय.

मामा, मला योगेंद्रच हवे आहेत. शब्दार्थ मला येतो. पण आम्ही मुलीकडचे. आमच्या अंगणात चेंडू आलाच कसा?

लवकर लिही, आणि माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी समिधा

खालापूर, ११ जानेवारी

चि. समिधेस अ. उ. आ.

तीस वर्षं शाळेत संस्कृत शिकवतोय. भाचीच्या लग्नासाठी इंग्रजीचा अन्वय लावायची पाळी येईल असं वाटलं नव्हतं. तुझ्या वडिलांचं भाष्य वाचलं. भाष्यकारांना माझा साष्टांग नमस्कार सांग. मूळ वाक्य सोडून त्यात बाकी सगळं आहे.

अर्थ असा, की मी माझं केलं, आता पुढचं तू कर. नकारात पुढचं काही उरतच नाही, तेव्हा हा नकार नव्हे. वापराचा नियम एवढाच, की हे वाक्य कधी पहिलं येत नाही. त्याच्याआधी बोलणाऱ्याने काहीतरी विचारलेलं असतं. आठव बाळ. पोह्यांची बशी देताना तू लाजत होतीस, की ऐकतही होतीस?

योगेंद्रचं ऑफिस माझ्या शाळेपासून पाच मिनिटांवर. जाऊन विचारू शकतो, पण जाणार नाही. मामाने नवरीला मांडवात आणावं, तिच्या वतीने हो म्हणू नये.

मामीचेही आशीर्वाद. तुझ्या अक्षरापेक्षा तुझ्या उत्तराची काळजी असलेला,

हरेशमामा

पोशीर, १५ जानेवारी

ती. मामास सा. न.

आठवलं, आणि स्वतःचेच कान पकडले. त्या दिवशी पडवीत त्यांनी सरळ विचारलं होतं, की लग्नानंतर खालापूरहून रोज तुमची कर्जतची नोकरी झेपेल का, विचार करून तुम्हीच सांगा. मी फरशीकडे बघत म्हटलं, घरचे कळवतील. सगळ्याच मुली म्हणतात, तसं. आणि घरचे तर आधी बोलणार नव्हतेच!

काल संक्रांतीला मी उत्तर पाठवलं. दहा मिनिटांत त्यांच्या वडिलांचा बाबांना फोन. पोशीरची माणसं फार ताठ, असं म्हणत तेही इतके दिवस रुसून बसले होते म्हणे. नेरळकरांना बाबांनी नको म्हणून कळवलं, आणि आता सांगत फिरताहेत, की त्या वाक्याचा अर्थ मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होता.

मांडवात न्यायला ये. तिळगूळ पाठवतेय, तो मामीपासून लपवून खाऊ नकोस.

तुझीच, अजून काही दिवस पोशीरची,
समिधा

ता. क. उत्तर एकाच शब्दाचं पाठवलं. तिकडेही बाबांसारखे भाष्यकार असतील, म्हणून मराठीत : हो.