माझं पुस्तक, न विचारता

४ फेब्रु., वाई
पाटणहून रेश्मा नावाच्या मुलीचा फोन. बी.ए., भूगोल. जन्मांध. "सर, तुमचं पुस्तक दादानं टाइप केलंय. फौजेतनं सुट्टीवर आलावता. आता मोबाईल वाचून दाखवतो मला."
कुणाच्या परवानगीनं?
"आवं... न्हाई विचारलं."
ठेवला फोन. नऊ वर्षं घातलीत त्या पुस्तकात.

५ फेब्रु.
सांगलीला प्रकाशकांशी बोललो. नोटीस पाठवू म्हणाले. बरं वाटलं.

७ फेब्रु.
ओळखीचे वकील घाटावर भेटले. हसलेच. "अंधांसाठी, नफा न घेता प्रत करायला कायद्यानंच मुभा आहे, सर. तुम्हाला विचारायची गरज नाही."
हे जास्त लागलं. आमच्या अमोलनं, पोटच्या पोरानं, नोकरी बदलली, तीही शेजाऱ्यांकडून कळली. बापाला विचारायची गरज कुणालाच नाही.
सांगलीला कळवलं, नोटीस नको.

९ फेब्रु.
रेश्माला मीच फोन केला. माफी मागायची होती, जमलं नाही. अडतं का कुठं, एवढंच विचारलं.
"लय ठिकाणी. 'आकृती पाहा' म्हणता तुमी. मोबाईल तेवढंच वाचून फुडं जातो. मी कशी पाहू?"
एक्केचाळीस आकृत्या आहेत.

१४ फेब्रु.
व्ही आकाराची दरी. दोन पानं लिहिली, फाडली. शेवटी फोनवर म्हटलं, तळहात जोड. मनगटं चिकटलेली ठेवून बोटं एकमेकांपासून लांब कर. तळाशी नदी.
तिनं फोन खाली ठेवल्याचा आवाज आला. मग, "आमची दरी आशी हाय व्हय, सर?"
तिथंच वाढलेली पोर. मी तीस वर्षं फळ्यावर ती दरी काढत आलो आणि...

३ मार्च
रोज एक आकृती, सकाळी दहाला. ही गेल्यापासून आंघोळीला दुपार व्हायची. आता साडेनवाला तयार.

२६ मार्च
शेवटची आकृती झाली. सोमवारी पेपर. "येते सर," म्हणाली. फोनवर कुठं जायचं-यायचं असतं? तरी बरं वाटलं.

२८ मार्च
वर्णनं नव्या आवृत्तीत घाला म्हटलं. प्रकाशक म्हणतात, पानं वाढतील. बघू.

२ एप्रिल
पेपर कसा गेला, कळलं नाही. आपण विचारावं का? निमित्त उरलेलं नाही.

५ एप्रिल
भाजी आणायला गेलो होतो, फोन घरीच. परत येऊन बघतो तर पाटणचा नंबर, दोनदा. लावला. रेंज नाही. पुन्हा लावला.
उद्या भाजीला जाणं नको, फोनपाशीच थांबतो. कालची आमटी आहे.