सर्व्हरला मारतंय कोण

३ तारीख, सोमवार
सर्व्हर परत पडला. सकाळी एकदा, जेवायच्या वेळी एकदा. पोरं दिवसभर जे प्रोग्रॅम लिहितात ते ह्याच मशीनमध्ये ठेवतात. कोणी कधी काय बदललं ते ह्यालाच ठाऊक. हा पडला की सगळं ऑफिस हात चोळत बसतं. सांभाळते माझी भाची. तिला विचारलं तर म्हणाली, प्रोसेस किल झाली. किल म्हणजे मारणं, एवढं इंग्रजी मला येतं. कोणी मारली ते सांगेना. पंधरा तारखेला गिऱ्हाइकाला काम द्यायचंय. त्याआधी मारेकरी धरणार.

४, मंगळवार
भाची म्हणते, मेमरी कमी पडतेय. तेही सगळ्यांसमोर. माझी मेमरी ठणठणीत आहे. ही लहानपणी कोणाकोणाला चावली होती, एकेक माणूस सांगू शकते. पोरांतला तो दाढीवाला गालात हसला. संशय त्याच्यावर.

५, बुधवार
चहाच्या खोलीत कॅमेरा लावल्यापासून साखर पुरते. तसाच आता सर्व्हरच्या खोलीत लावला. कॅमेरेवाला म्हणे, रेकॉर्डिंगला वेगळं मशीन घ्या. म्हटलं, हे एवढं धूड बसलंय ना, घाल त्यातच. चहाच्या खोलीतल्याचंही त्यातच आहे.
संध्याकाळी सर्व्हर पडला. कॅमेऱ्यात चिटपाखरू नाही. मारेकरी हुशार आहे.

७, शुक्रवार
आणखी दोन लावले. एक दारात, एक दाढीवाल्याच्या डोक्यावर. सर्व्हर आता उठतोय न उठतोय तोच पडतो. म्हणजे मारेकरी बिथरला. मी जवळ पोचले.

१०, सोमवार
भाचीने बसवून समजावलं. मशीनमधली जागा, म्हणजे तिची ती मेमरी, संपली की मशीन स्वतःच आत चालणाऱ्यांतल्या सगळ्यात जाड्याला मारतं. कॅमेरे थोडं थोडं खाऊन जागा भरतात, आणि पोरांच्या कामाने फुगलेला जाडा म्हणून मरतो आपला सर्व्हर. गोष्ट छान रचलीय. कॅमेरे कोणाला नको असतात ते न कळायला मी काय कालची आहे?
ती म्हणाली, "मावशी, कॅमेरे काढ, नाहीतर मला काढ."
म्हटलं, "कॅमेऱ्यांना गॅरंटी आहे. तुझी कोण देतंय?"
उठून गेली. उलटून बोलली नाही, म्हणजे पाणी मुरतंय.

११, मंगळवार
तिच्या टेबलावर पण कॅमेरा. नातं घरी. जाताना मला मॅडम म्हणाली. बोलायला लागल्यापासून मावशी म्हणायची. चला, शिस्त लागली एकदाची.

१३, गुरुवार, दुपार
कालपासून भाची नाही, आणि कालपासून सर्व्हर एकदाही पडलेला नाही. मारेकरी घरातलाच निघाला. मी म्हणतच होते. (दाढीवाल्यावर संशय होता, तो वरवरचा.)
ही गंमत सांगायला ऑफिसात कोणीच दिसेना. खुर्च्या रिकाम्या. वाटलं, चहाच्या खोलीत असतील. कॅमेऱ्यात पाहिलं, तिथेही नाहीत.
बहिणीला फोन लावला, पोरीचे प्रताप ऐकवायला. तीच मला म्हणाली, अगं, तिने दुसरीकडे नोकरी धरली, दाढीवाला आणि बाकीची पोरंही तिच्याबरोबर गेली, तुला पत्ताच नाही? पत्ता कसा असणार. मी दोन दिवस सर्व्हर बघत होते.
मग गिऱ्हाइकाचा फोन. काम कुठपर्यंत आलं? म्हटलं, मशीनमध्ये सुखरूप आहे, कोणी बोटसुद्धा लावलेलं नाही.
परवा द्यायचंय. ते बाहेर कसं काढतात, कॅमेरेवाल्याला विचारलं. तो म्हणे, मला फक्त बघायचं कसं ते येतं.