पितृपंधरवड्यातलं टोकन

अहो,

भाजी-भाकरी गॅसजवळ झाकून ठेवलीय. मी आप्पांसोबत सातारा परिसरात चाललेय, त्या रो-हाऊसचं टोकन द्यायला. व्हय, तुमच्या वडिलांसोबत! माझा अजून विश्वास बसंना.

जाहिरातीत दहा दिवस 'उपलब्ध'च दिसतंय, म्हणजे घरात काहीतरी खोट असंल, असं तुम्ही म्हणालात. खोट काही नाय. एजंट म्हणाला, पितृपंधरवडा आहे म्हणून लोक थांबलेत. घटस्थापनेला सकाळीच चौघं टोकन घेऊन येतील. मी हे आप्पांना सहज सांगितलं. या दिवसांत घरात नवी केरसुणीसुद्धा येऊ न देणारा माणूस उठला आणि टोपी घातली. म्हणाले, "चल सूनबाई. माझा बाप नातवाच्या घराला आडवा येणार नाय."

दुपारी मोबाईलवर ती जाहिरात बघा. 'बुक' दिसलं तरी गावभर सांगू नका, रजिस्ट्री झाल्यावरच 'विकलं' म्हणून येतं. पण आप्पांना फोन मात्र करा. घराचा विषय निघाल्यापासून चार महिने तुम्ही दोघं माझ्यामार्फत बोलताय. आज स्वतः बोला.

त्यांनी फोन आत्तापासूनच हातात धरलाय.

द्वारका