दोन बोटं लहान स्टिअरिंग

६ सप्टेंबर, शनिवार

काय देखणं स्टिअरिंग! लीजवाल्याकडे दोन छोट्या एसयूव्ही शेजारी शेजारी उभ्या होत्या. पांढरीचं स्टिअरिंग नेहमीसारखं. निळीचं मात्र चांगलं दोन बोटं लहान — पस्तीस सेंटिमीटर! आधी वीत लावली, मग टेपनंही मोजलं. लीजवाले मिस्टर टॅन लांबूनच हसत होते. हसू देत! नंदाच्या हातांसाठीच बनवल्यासारखं आहे.

आमच्या घरातली खरी ड्रायव्हर माझी बायको नंदाच. पुण्यात माझ्यापेक्षा सफाईनं चालवायची. इथे परदेशात आल्यावर एका भाड्याच्या धुडाचं स्टिअरिंग फिरवून तिचे खांदे भरून आले, कारपार्कच्या खांबाला गाडी घासली, आणि बाईंनी लायसन्स कपाटात ठेवलं. आठ वर्षं झाली.

८ सप्टेंबर

ते लायसन्स बाहेर यायलाच हवं. काचबिंदू आहे मला. डॉक्टर म्हणाले, समोरचं दिसेल, कडेचं हळूहळू जाईल — गाडी आता दुसऱ्या कुणाला चालवू द्या. नंदाला सांगितलेलं नाही. आधी तिला गाडीची गोडी लागू दे. नवऱ्याच्या काळजीपोटी चालवायला बसली तर त्यात कसली मजा!

११ सप्टेंबर, गुरुवार

टॅनना फोन केला. त्याआधी दीक्षाची शिकवणी — "बाबा, नोबडी सेज स्टिअरिंग लाह. से व्हील!" लेक इथल्या शाळेत शिकतेय, तिचं ऐकलं. टॅनना ठासून सांगितलं — द वन विथ द स्मॉल व्हील, फॉर माय वाइफ.

"कॅन, कॅन!" टॅन म्हणाले. म्हणजे होऊन जाईल.

१९ सप्टेंबर

गाडी आली. पांढरी! स्टिअरिंग तेच मोठं. चाकं मात्र लहान — एकोणीस इंची रिम्स काढून सतरा इंची बसवून आणल्या. टॅन खूश. "स्मॉल व्हील, बॉस! युवर वाइफ वेरी कम्फर्टेबल."

जन्मभर स्टिअरिंगला स्टिअरिंग म्हणालो. एकदाच शुद्ध इंग्रजी बोलायला गेलो! दीक्षा हसून हसून लोळली. मला रडायचं तेवढं बाकी होतं.

२१ सप्टेंबर, रविवार

ईस्ट कोस्टच्या कारपार्कमध्ये नंदाला बळेच ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं. स्टिअरिंगबद्दल माफी मागणार, तोच तिनं खाली हात घालून एक खटका ओढला आणि स्टिअरिंग सरळ स्वतःकडे घेतलं!

"अहो, हे पुढे येतं. इतकी वर्षं गाडी चालवताय, ठाऊक नाही?"

नव्हतं.

आणि त्या सतरा इंची रिम्स! रिम लहान म्हणून टायर जाड. स्पीड ब्रेकरवरून गाडी अशी अलगद उतरली की दीक्षाच्या हातातल्या कॉफीचा थेंबही सांडला नाही. टॅनना मनातल्या मनात हात जोडले.

पण खरी बघण्यासारखी होती नंदा. कोपरं सैल, नजर लांब, रिव्हर्स एका दमात. मी बघतच राहिलो. लग्नाला बावीस वर्षं झाली — आणि मी पुन्हा प्रेमात!

२४ सप्टेंबर

उद्या नंदाला डोळ्यांचं सांगतो.

२८ सप्टेंबर, रविवार

नाही सांगितलं. आज सेरंगूनला बाजारात गेलो. नंदा चालवत होती, मी शेजारी. माझ्याकडे न बघता, सहज बोलावं तशी ती कडेचं सगळं सांगत होती — "डावीकडून सायकल येतेय हं. उजवीकडे एक आजी, लाल छत्री. आता डावीकडून बस येतेय." परत येतानाही तसंच, घरापर्यंत.