अस्सल पाच

१४ तारीख, दुपार

प्रिय आत्या,

गुडघे कसे आहेत? तिसऱ्या मजल्यावरून उतरतेस की अजून दोरीने टोपली सोडतेस? मी बरी आहे. इथे टिकून वर्ष झालं, माझ्या मानाने विक्रमच. मधे एकदा पिशवी भरून बसथांब्यापर्यंत गेले होते, पण तिथे एकजण छत्र्या दुरुस्त करत होता, ते बघत बसले आणि बस गेली. असो.

खुराड्याचं छप्पर मी ठोकलं. काका म्हणाले, "वाकडं आहे, पण तुझ्यावर गेलंय, राहू दे." तू तिकडे राहायला गेलीस तेव्हा तुझ्या कोंबड्या स्वतःच्या अंगणात ठेवून घेतल्याचं ते अजून रोज ऐकवतात.

उबवलेल्या पिल्लांच्या तलंगा झाल्या, त्या अंड्यावर आल्या का, असं तू दोनदा विचारलंस आणि मी दोनदा हवापाण्याचं लिहिलं. आल्या, आत्या. आठपैकी सहा.

पहिलं अंडं शेवाळी निघालं. मला वाटलं घाण लागलीय, ओल्या फडक्याने घासत बसले. काका म्हणाले, "तुझी कातडी निघेल, रंग नाही निघायचा. फोड." आत कवच निळं, वरून तपकिरी हात फिरलेला. "तुझ्या आत्याचं अंडं आतबाहेर एकच निळं. हे म्हणजे आकाशावर चहा सांडलाय."

तोंडं मात्र तुझ्याच कोंबड्यांची गं. तीच दाढी, तेच गालांवरचे कल्ले, तोच बुटका तुरा. काकांनी पाय बघायला सांगितले. पाटीसारखे करडे हवेत. तिघींचे हिरवट.

आता लिहितेच. उबवणीची अंडी गोळा करायच्या आधी तू बजावल्याप्रमाणे जाळीचं दार बंद होतं. पलीकडे काकांचा रंगीबेरंगी कोंबडा, ज्याच्या आईबापाचा पत्ता नाही. अलीकडे तुझा म्हातारा कोंबडा, दिवसभर कोपऱ्यात. कोंबड्या जाळीला चोची लावून उभ्या असायच्या. मला कोंडलेलं बघवत नाही, तुला माहीतच आहे. चार दिवस दार उघडं ठेवलं. पाचव्या दिवशी लावलं आणि सहाव्यापासून अंडी उचलली. मला वाटलं, दार लावलं की झालं.

गेल्या आठवड्यात काकांनी सांगितलं, कोंबडी कोंबड्याचं बीज दोन-तीन आठवडे पोटात धरून ठेवते. "दार उघडलं होतंस?" मी नाही म्हटलं.

मग ठरवलं, हिरव्या पायांच्या तीन बाजूला काढायच्या, उरलेल्या पाच तुझ्या. त्यांतल्या तिघी निळीशार अंडी घालतात! मी नाचलेच. काका म्हणाले, "नाच. भेसळीचीही कधी कधी निळंच घालते. खरं काय ते तिच्या पिल्लांत कळतं." आणि पिल्लांसाठी अस्सल कोंबडा कुठून आणू? तुझा उन्हाळ्यात गेला. जुन्या कोंबड्यांनी अंडी थांबवली. त्याच उबवणीतले दोन नर आहेत, पण त्यांचं तर अंडंही नाही बघायला.

तू ज्यांना शब्द दिला होतास ते मास्तर काल टोपली घेऊन आले. "आत्याबाईंच्या अस्सल पाच द्या." मी पाचही टोपलीत घातल्या. झाकण लावताना त्यांनी सहज विचारलं, "अस्सल ना?"

"मला माहीत नाही."

"मग कुणाला माहीत?"

"कुणालाच नाही. दार मी उघडलं होतं."

त्यांनी एकेक करून पाचही खाली सोडल्या, हळूच, जशा मी टोपलीत घातल्या होत्या तशाच, आणि रिकामी टोपली घेऊन गेले. काका बाजूलाच उभे होते. तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीत. कोंबड्यांशी बोलतात.

आज सकाळी पाचजणींना उन्हात घेऊन बसले. पाय पाहिले, पिसं उलटून पाहिली. एकीने माझ्या मांडीवरच डुलकी काढली. दिसत काहीच नाही, आत्या. तू आलीस तर तुला ओळखू येतील का? काका कोंबड्यांना सांगत होते, तिलाही नाही यायच्या.

तरी ये. नाहीतर शिव्यांचं पत्र पाठव, चांगलं मोठं.

तुझं चौदा वर्षं जपलेलं वाण चार दिवसांत घालवणारी,
तुझी भाची