कटरची जाळी

अण्णा, परवा तुमचं कटर भंगारात दिलं. माणसांनी ते पहारीने उचकटून काढलं आणि मी समोर खुर्ची टाकून चहा पीत बघत होते. तुम्हाला हे दिसायला हवं होतं.

पाहुण्यांना कारखाना दाखवताना तुम्ही जे बोलायचात ते मला तोंडपाठ आहे. सावरीचा ओंडका पाण्यात मुरवायचा, साल काढायची, मशीनवर फिरवत लांब पात्याला लावायचा, की ताग्यातून कापड सुटावं तसा लाकडाचा पातळ पापुद्रा सुटत येतो. ते पापुद्रे एकावर एक रचून कटरखाली सरकवले की काड्या पडतात. काड्या कातळावर वाळवायच्या आणि गुल लावायला आगपेटीच्या कारखान्यात पाठवायच्या. एवढं सांगून झालं की तुम्ही आईकडे बोट दाखवायचात. "हिने काड्यांबरोबर स्वतःची बोटंही कापली. बाईमाणसाला मशीन कळत नाही." पाहुणे हसायचे. आई हात पदराखाली घ्यायची.

त्या दिवशी मी कॉलेजच्या सुट्टीत घरी होते. पापुद्रे अडकतात म्हणून तुम्ही सकाळीच कटरच्या पात्यापुढची जाळी काढून ठेवलीत. आई म्हणाली, "अहो, जाळी लावा. मला भय वाटतं." तुम्ही म्हणालात, "दुपारी ट्रक येतोय. तुझं भय कुठे ठेवू?" ट्रक यायच्या आधीच तिची दोन बोटं गेली. आम्हाला रत्नागिरीच्या इस्पितळात सोडून तुम्ही लगेच परत फिरलात. संध्याकाळी मी कारखान्यात येऊन पाहते तर जाळी जागच्या जागी, स्क्रू घट्ट. विचारपूस करायला आलेल्यांना तुम्ही सांगताय, "हिनेच जाळीखालून हात घातला." मी तोंड उघडलं, तेव्हा तुम्ही हळूच म्हणालात, "पुढे शिकायचंय ना तुला?"

परवा टेम्पो भरताना जुने कामगार आणि शेजारी जमले होते. काकाही आले होते. मी उठून उभी राहिले आणि जाळीपासून स्क्रूपर्यंत सगळं सांगितलं. काका म्हणाले, "मेलेल्या माणसाबद्दल असं बोलू नये, बाय."

"जिवंत होते तेव्हा त्यांनी बोलू दिलं नाही," मी म्हटलं.

गावात आता तुमचं नाव निघेल तिथे जाळीही निघेल.

घरी येऊन आईला सांगितलं. ती बांगडे साफ करत होती. मान वर न करता म्हणाली, "मला विचारलंस?" आणि पुढचा बांगडा उचलत, "त्यांनीही नव्हतं विचारलं."

आईसाठी केलं, असं मी सगळ्यांना सांगते. तुम्हाला ते सांगून उपयोग नाही. मला बरं वाटलं, अण्णा. अजून वाटतंय.